वैजनाथच्या नावावर

“मॅडम, किडनी-बिडनी काढता का काय पोराची?” मुकादमानं फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला.

मी म्हणाले, तसं काही नाही. तपासणीसाठी थोडं रक्त घ्यायचं आहे. छोट्या दोन-तीन नळ्या.

“अन् तेवढ्या नळ्यांसाठी तुमी अंबाजोगाईहून सांगली जिल्ह्यात येनार?”

“हो.”

“मंग काहीतरी हायच त्यात,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्याचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. त्यात काहीतरी होतंच. पण ते फोनवर, उसाच्या ट्रॅक्टरच्या आवाजात, अनोळखी माणसाला समजावून सांगणं मला अजून जमत नव्हतं. कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते.

मी अंबाजोगाईत एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. फिल्डवर्कसाठी मला रक्ताच्या मूळ पेशींचे दाते शोधणारी एक संस्था मिळाली. फिल्डवर्क संपल्यावर त्यांनी मला पार्ट टाइम ठेवून घेतलं. पद आहे डोनर कोऑर्डिनेटर. ऑफिस पुण्यात. तिथं मेघना मॅडम आहेत, त्या माझ्या सिनिअर. आमच्या जिल्ह्यात या कामाला मी एकटीच आहे. होस्टेलच्या खोलीतलं टेबल हेच माझं ऑफिस.

काम काय, ते आधी सांगते. हाडांच्या आत जो मगज असतो, त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांना स्टेम सेल म्हणतात. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये पेशंटच्या बिघडलेल्या पेशी औषधांनी संपवतात आणि दुसऱ्या निरोगी माणसाच्या पेशी सलाइनसारख्या चढवतात. पण त्या कुणाच्याही चालत नाहीत. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. निम्म्या आईकडून आलेल्या, निम्म्या वडिलांकडून. त्यातल्या दहा खुणा डॉक्टर ताडून बघतात. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात कुणाचं जुळलं नाही, तर नात्याबाहेरचा माणूस शोधायचा. त्याला आमच्या कामात अनरिलेटेड डोनर म्हणतात.

असे दाते मिळावेत म्हणून आम्ही कॉलेजांत कॅम्प घेतो. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, की झालं. रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतो. बहुतेकांना पुढं कधीच फोन येत नाही. आईला मी हे दोनदा समजावलं. तपासणीला टायपिंग म्हणतात, एवढाच शब्द तिच्या लक्षात राहिला. त्यामुळे पोरगी टायपिंगची नोकरी करते, असं तिनं गावात सांगून ठेवलंय.

त्या वेळी एका हॉस्पिटलकडून मागणी आली होती. पेशंट स्त्री, वय तिशीच्या पुढं. एवढंच मला कळू शकतं. नाव नाही, गाव नाही. दात्याला पेशंट कळू द्यायचा नाही आणि पेशंटला दाता, हा नियम आहे. आमच्या यादीत दोन दाते निघाले. एक बाई, दुसऱ्या राज्यातल्या, दहापैकी नऊ खुणा जुळणाऱ्या. आणि एक मुलगा, घाटनांदूरच्या कॉलेजात नाव नोंदवलेला, दहापैकी दहा.

निवड डॉक्टर करतात. कशी, ते मी मॅडमकडून शिकले. आधी जुळणी बघायची. मग वय, कारण तरुण दात्याच्या पेशी पेशंटला जास्त मानवतात. मग बाळंतपण झालेलं नसेल तर बरं, कारण पोटातल्या बाळामुळे आईच्या शरीराला परक्या पेशींशी लढायची सवय लागलेली असू शकते. मग वजन, जुने संसर्ग. रक्तगट अगदी शेवटी. रक्तगट वेगळा असला तरी चालतं, हे ऐकून मला स्वतःलाही नवल वाटलं होतं.

दुसऱ्या राज्यातल्या त्या बाईंना तीन मुलं होती. शिवाय तपासणीत त्यांना शुगर निघाली आणि त्या बाद झाल्या. राहिला मुलगा. त्याचं नाव वैजनाथ.

त्यानं दिलेला नंबर बंद होता. म्हणून मी सिरसाळ्याजवळच्या त्याच्या गावी गेले. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर सोडलेली लेकरं. माझे आईवडीलही तेव्हा कर्नाटकात तोडीवर होते, त्यामुळे मला ते गाव नवीन वाटलं नाही. गल्ल्या वेगळ्या होत्या, शांतता तीच होती. शेजारच्या एका आजीनं वैजनाथ आईसोबत सांगलीकडं गेल्याचं सांगितलं आणि पदराच्या गाठीतल्या चिठ्ठीवरून मुकादमाचा नंबर दिला. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी कारखान्यावर नेणारा माणूस.

त्या पहिल्या फोननंतर मुकादमानं दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन लावून वैजनाथच्या हातात दिला. मी म्हणाले, कॉलेजात कॅम्प झाला होता, गालात कापसाची काडी फिरवली होती, आठवतं का?

 तो म्हणाला, “हाव. आठवतं न.”

मी त्याला सगळं सांगितलं. आधी पुन्हा एकदा रक्त तपासतील. जुळलं तर मोठी तपासणी. मग पाच दिवस इंजेक्शनं, त्यानं मूळ पेशी रक्तात उतरतात. मग प्लेटलेट काढतात तसं मशीनवर काही तास बसायचं. हाड कापत नाहीत, काही काढून घेत नाहीत, शरीर त्या पेशी परत तयार करतं. आणि कुठल्याही टप्प्यावर तुम्ही नाही म्हणू शकता. हे शेवटचं वाक्य आम्हाला बोलावंच लागतं.

त्यानं एकच विचारलं. “ह्यात दुसऱ्या कुनाला तरास न्हाई न होनार?”

मला वाटलं, त्याला आईची काळजी आहे. मी म्हणाले, नाही, कुणालाच नाही.

“मंग या,” तो म्हणाला.

मी एसटीनं गेले. दोन गाड्या बदलून, शेवटी उसाच्या ट्रॉलीमागं धूळ खात. फडात वैजनाथ आणि त्याची आई, दोघं मिळून ऊस तोडत होते. वडील वारलेले. तोडीला जोडी लागते, नवरा-बायकोची. त्यांच्या घरात ती आई-मुलाची होती. आईनं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, मला चहा केला आणि विचारलं, आमचं असं उन्हातान्हातलं रक्त, त्या बाईला मानवंल का? मी म्हणाले, मानवेल की नाही तेच बघायचंय.

मुकादम कोपीच्या दारात उभाच होता. पोरगं लॅबमधून परत आणायची जबाबदारी त्यानं माझ्यावर टाकली. म्हणाला, पळून गेलं तर त्याच्या जागी तुमी कोयता धरा. माझ्या हातांकडं बघून त्यानं ओळखलं असावं, की ते मला येतं. मी अकरावीपर्यंत तोडीवर गेलेली आहे.

तालुक्याच्या लॅबमध्ये वैजनाथनं रक्त दिलं. सुई बघून त्यानं तोंड फिरवलं, पण हात हलवला नाही. नळ्या कुरिअरनं गेल्या. मी परत आले. होस्टेलमध्ये कुणी विचारलं नाही कुठं गेली होतीस, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. या कामात गुप्तता पाळावी लागते. मला वाईट एवढंच वाटायचं, की पाळायला फारशी मेहनत पडत नव्हती.

मेघना मॅडमचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. व्हरांड्यात येऊन घेतला.

“वैजनाथचा रिपोर्ट आला. दहा सोड, तीनसुद्धा जुळत नाहीत.”

मी म्हणाले, लॅबची चूक असेल.

“लॅबनं पुन्हा लावला. तेच आहे. कॅम्पमध्ये काडी दिलेला माणूस आणि आत्ता रक्त दिलेला माणूस एक नाहीत.”

ही दुसरी तपासणी यासाठीच करतात. तिला कन्फर्मेटरी टायपिंग म्हणतात. कॅम्पच्या रिपोर्टवर विसंबून कुणी पेशंटला औषधं सुरू करत नाही, कारण ती औषधं एकदा सुरू झाली की पेशंटचा स्वतःचा मगज संपतो. तेव्हा चुकीचा दाता निघाला तर मागं फिरायला रस्ता नसतो. त्या दृष्टीनं आम्ही वेळेत होतो. पण त्या बाईसाठी आमच्याकडं आता कुणीच नव्हतं.

मॅडमना वाटलं, रांगेतल्या दोघांच्या काड्या बदलल्या असतील. म्हणाल्या, तो कॅम्प तुझ्या आधीचा आहे, पण माणसं तुझ्या भागातली आहेत. त्याच्या मागं-पुढं कोण होतं, ते काढ. आणि आवाज चढवू नकोस.

आवाज चढवणं मला तसंही येत नाही. मी मुकादमाला फोन लावला. वैजनाथ आला. मी विचारलं, कॅम्पच्या दिवशी तुमच्या पुढं आणि मागं रांगेत कोण होतं, आठवतं का?



“ताई,” तो म्हणाला, “रांगंत मीच नव्हतो.”

 तो पुढं बोलत राहिला. ऐकताना मला पुढचं वाक्य आधीच कळत होतं. आमच्या भागातल्या कॉलेजांत ही रीत आहे. तोडीला जाणारी मुलं जाताना आपलं आय-कार्ड मागं राहणाऱ्या दोस्ताकडं ठेवून जातात. तो हजेरीला ‘यस सर’ म्हणतो, परीक्षेचा फॉर्म भरतो, एनएसएसच्या श्रमदानात त्याच्या नावानं खडी उचलतो. सरांना ठाऊक असतं. ते मान वर करत नाहीत, कारण केली तर अर्धा वर्ग कमी होईल. अकरावीत माझं कार्डही एका मैत्रिणीच्या दप्तरात असायचं.

त्या दिवशी कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम होता. वैजनाथचं कार्ड दत्ता नावाच्या दोस्ताकडं होतं. दत्ता त्या कॉलेजचा विद्यार्थीही नव्हता, बारावीनंतर त्यानं शिक्षण सोडलेलं. पण कार्ड त्याच्याकडं म्हणून तोच गेला. तिथं काडी फिरवत होते, त्यानं फिरवून घेतली. कार्डावरचा फोटो इतका पुसट होता की तो कुणाचाही असू शकला असता.

मी विचारलं, “मग मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा हो कशाला म्हणालात?”

“त्यानं माझ्यापायी काडी घातली तोंडात. आता सुईची पाळी आली तं त्याला कावून पुढं करू? नाव माझं हाय, मंग सुई बी माझीच.” मग म्हणाला, “अन् गुरूप बी एकच हाय, ताई. दोघाचा बी पॉझिटिव्ह. आमी रक्तदानाला संगंच गेलतो. म्हनलं, त्याचं काय अन् माझं काय.”

मी त्याला सांगितलं की रक्तगट एक असणं म्हणजे तालुका एक असणं. तालुका एक आहे म्हणून एकाच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही. हे उदाहरण मला तिथंच सुचलं. नंतर मी ते कॅम्पमध्येही वापरायला लागले.

त्याला ते लगेच समजलं. म्हणाला, “म्हंजी त्या बाईचे इतके दिस माझ्यापायी वाया गेले.”

 मी म्हणाले, दत्ता कुठं भेटेल?

दत्ता सिरसाळ्याकडच्या एका वीटभट्टीवर होता. जायच्या आधी मॅडमनी बजावलं. वैजनाथच्या नावाची नोंद रद्द होणार. दत्ताची संमती आपल्याकडं नाहीच, ती वैजनाथच्या नावानं आहे. त्यामुळे त्याला पहिल्यापासून विचारायचं, नव्यानं नाव नोंदवायचं. “आणि पेशंट थांबलीय, असं सांगून त्याला कोंडीत पकडायचं नाही. तो नाही म्हणाला तर थँक यू म्हणून परत यायचं.”

भट्टीवर पोचले तर मजुरांचं जेवण चाललं होतं. मी दत्ताचं नाव विचारताच एक जण ओरडला, “दत्त्या, ऊठ बे, पोरगी बघायला जायची तं पोरगीच तुला बघायला आली.” सगळे हसले. मी फाइल छातीशी धरून उभी राहिले. एक बुटका, मजबूत मुलगा हात झटकत पुढं आला आणि खाली बघत म्हणाला, त्यांचं मनावर नका घेऊ.

वैजनाथनं फोनवर काय कबूल केलं, ते मी आधी सांगितलं. ते ऐकून दत्ता एकदम घाबरला. “त्याचं एनएसएसचं सर्टिफिकेट काढून घेतेत का? माझंच चुकलं म्हनावं. त्यानं जा म्हनलं नव्हतं.”

मी म्हणाले, सर्टिफिकेटशी आमचा काही संबंध नाही. मी वेगळ्याच कामासाठी आलेय. मग कच्च्या विटांच्या थप्पीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं, जसं वैजनाथला सांगितलं होतं तसंच. नाही म्हणू शकता, हेही सांगितलं.

त्यानं हो म्हटलं आणि आम्ही फॉर्म भरायला घेतला. आईवडील? नाहीत. आई तो लहान असताना गेली, वडिलांचं त्याला ठाऊक नाही. भाऊ-बहीण? नाही. मामानं वाढवलं, पण मामाच्या घरी आता जाणं-येणं नाही. हे सगळं त्यानं पत्ता सांगावा तसं सांगितलं. पुढचा रकाना होता, तुम्ही कुठं आहात हे कायम ठाऊक असणाऱ्या दोन माणसांची नावं.

“वैज्याचं लिवा.”

“आणि दुसरं?”

तो भट्टीकडं बघत राहिला. “भट्टीवाल्याचं लिवलं तं चालंल का?”

मी लिहिलं.

मग त्यानं विचारलं, “ती बाई माझी कोन लागती?”

“कुणीच नाही. नात्यातली नाही म्हणूनच आपल्याकडं आलीय.”

“मंग जुळलं कसं?”

हे मी ट्रेनिंगमध्ये विचारलं होतं, म्हणून उत्तर येत होतं. मी म्हणाले, या खुणा पिढ्यान्‌पिढ्या खाली येतात. खूप मागं, कितीतरी पिढ्यांमागं, तुमची आणि त्यांची माणसं कदाचित एकच असतील.

“म्हंजी लागती,” तो म्हणाला आणि काडीसाठी तोंड उघडलं.

या वेळी मी त्याचं आधार कार्ड बघितलं, त्यावरचा फोटो बघितला आणि मग त्याच्याकडं बघितलं. रक्त परळीतल्या लॅबमध्ये घेतलं. जाता-येता तो टमटममध्ये ड्रायव्हरशेजारी बसला आणि मला मागं जागा करून दिली. 

रिपोर्ट दहापैकी दहा आला. मेघना मॅडम सहसा फोनवर हसत नाहीत, त्या दिवशी हसल्या. मी एकटीच होते, म्हणून टेबलावर हात आपटला आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीनं भिंतीवर उलट आपटलं.

आता मोठी तपासणी ठरवायची होती. हृदय, लिव्हर, सगळं बघतात. ती संभाजीनगरला होणार होती. तारीख हॉस्पिटलकडून यायची होती. दत्ता फोन करून विचारायचा, ताई, कदी जायचं? त्यानं आपण होऊन तंबाखू सोडली. मी सांगितलं नव्हतं. भट्टीवाल्याकडं सुट्टी बोलून ठेवली. एकदा विचारलं, हॉस्पिटलात जाताना संगं कुनी लागतं का? मी म्हणाले, मी येईन. तो म्हणाला, मंग झालं.

तारीख आली नाही. मेघना मॅडमचा फोन आला.

अशा पेशंटना औषधं देऊन आजार दबवलेला असतो. तो दबलेला आहे तेवढ्यातच ट्रान्सप्लांट करावं लागतं. पुन्हा उसळला तर सगळं अवघड होतं. वैजनाथचा रिपोर्ट चुकीचा निघाल्यावर हॉस्पिटलनं आमच्यावर विसंबणं सोडलं. ते बरोबरच होतं. त्यांनी घरातल्याच एका माणसाची तयारी सुरू केली, ज्याचं निम्मं जुळत होतं. हल्ली निम्म्या जुळणीवरही करतात, त्यात धोके वेगळे असतात. आमचा दहापैकी दहा तिथं पोचला तेव्हा त्या बाईंची औषधं सुरू व्हायची वेळ आली होती, आणि दत्ताची तपासणी अजून बाकी होती.

“थोडं थांबले असते तर,” मी म्हणाले.

“थांबून आजार उसळला असता तर?” मॅडम म्हणाल्या. “हातातला दाता सोडून वाटेतल्याची वाट डॉक्टर बघत नाहीत. बघूही नये. दत्ताला कळव. फोनवर सांगितलंस तरी चालेल.”

मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले.

मला बघून तो पत्र्याच्या खोलीतून पिशवी घेऊनच बाहेर आला. त्याला वाटलं, मी न्यायला आले. मी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं.

“माझ्यात काही निघालं का?” त्यानं विचारलं.

“नाही. तुमचं पूर्ण जुळलं होतं. तिकडं थांबता येण्यासारखं नव्हतं.”

“वैज्यानं आधी सांगितलं असतं तं?”

मी या प्रश्नाची वाट बघत होते. म्हणाले, सांगता येत नाही. हे उत्तर खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

त्यानं मान हलवली. “त्याला नका सांगू मंग. लई लावून घेतो तो.” पिशवी खाली ठेवून म्हणाला, “तिला कुनाचं देनार?”

“नात्यातल्या कुणाचं तरी. एवढंच मला माहीत आहे.”

“नात्यातल्या,” तो म्हणाला. थोडा वेळ त्यानं पायानं विटांचा चुरा सारला. “हाय म्हंजी तिला कुनीतरी. मंग बरंय.”

तो कामाला गेला. मी सिरसाळ्याच्या स्टँडवर येऊन बसले. गाडीला वेळ होता. कुणाला तरी हे सांगावं असं फार वाटलं, म्हणून आईला फोन लावला. ती फडात होती, मागं ट्रॅक्टर चालू होता. तिनं विचारलं, जेवलीस का? मी म्हणाले, जेवले. ती म्हणाली, टायपिंग कसं चाललंय? मी म्हणाले, चांगलं चाललंय.

ट्रान्सप्लांट झालं आणि पेशंट घरी गेली, एवढं काही दिवसांनी मॅडमकडून कळलं. त्यानंतरचं आम्हाला कळत नाही. दत्तालाही ते सांगता आलं नाही, कारण ज्याच्या पेशी दिल्याच नाहीत, त्याला पेशंटचं काही कळवायची सोय नियमात नाही.

या प्रकरणाचा मी रिपोर्ट लिहिला. त्यात दोन सूचना केल्या आणि ऑफिसनं त्या मान्य केल्या. एक, आमच्या भागात दिवाळीनंतर कॅम्प घ्यायचे नाहीत, कारण तेव्हा वर्गात असलेली निम्मी नावं दुसऱ्याच गावात ऊस तोडत असतात. दुसरी, काडी हातात देण्याआधी सगळ्यांसमोर सांगायचं, की हजेरी दोस्ताची लावता येते, ही काडी त्याच्या नावानं चालत नाही. मुलं हसतात. मग दोघं-तिघं हळूच रांगेतून बाहेर पडतात. त्यांना मी थांबवते आणि स्वतःच्या नावानं उभं राहता का, असं विचारते. बरेचसे राहतात.

वैजनाथनंही तोडीचा हंगाम संपल्यावर येऊन स्वतःची नोंद केली. दत्ताची नोंद आहेच. ती साठीपर्यंत राहते. तोवर वर्षातून एकदा प्रत्येक दात्याला फोन करून नंबर-पत्ता बदलला का, हे विचारणं माझ्या कामात येतं. बहुतेक जण फोन उचलत नाहीत, उचलला तर कोण बोलतंय हे त्यांना आठवत नाही. दत्ताला फोन करायची वेळ मात्र माझ्यावर अजून आलेली नाही. महिना-दीड महिन्यानं तोच करतो. म्हणतो, ताई, दत्ता बोलतोय भट्टीवरून, नंबर त्योच हाय. मी बरं म्हणते. मग तो भट्टीवरचं काहीबाही सांगतो आणि मी होस्टेलमधलं सांगते.